'स्टेबल'ला दर वेळी 'स्थिर' चालतं का?

कोपरीकर, ठाणे पूर्व

इंग्रजी कागदांचं मराठी करण्याचं काम आहे. 'स्टेबल' आला की बोटं आपोआप 'स्थिर' टाइप करतात. पण सध्या हातात असलेल्या पाच कागदांत तो पाच तऱ्हांनी आलाय आणि निदान तीन ठिकाणी 'स्थिर' कानाला खटकतंय.

पहिली, घोडबंदर रोडच्या एका सोसायटीची सभासदांना नोटीस. त्यात 'स्ट्रक्चरल स्टॅबिलिटी सर्टिफिकेट' आहे, आणि जुन्या नोटिशीत त्याचं 'संरचनात्मक स्थैर्यता प्रमाणपत्र' केलेलं आहे. दुसरं, हॉस्पिटलचं नातेवाइकांसाठीचं माहितीपत्रक: 'द पेशंट इज क्रिटिकल बट स्टेबल'. तिसरी, एका ॲपमधली सूचना: 'अपडेट टू द लेटेस्ट स्टेबल व्हर्जन'. चौथं, एका कंपनीच्या अहवालातलं 'आउटलुक: स्टेबल'. आणि पाचवी एक जाहिरात: 'फ्रॉम द सेम स्टेबल'. इथे घोडा कुठून आला?

दोन जोडप्रश्न. 'स्टेडी' आणि 'स्टेबल' यांत नेमका फरक काय? आणि स्थिरता, स्थैर्य, स्थैर्यता यांतलं बरोबर कोणतं? डिक्शनरीतले अर्थ इथे चिकटवू नका, ते पाहून झालेत. त्या त्या धंद्यातली माणसं हा शब्द ऐकून काय समजतात ते हवंय.

---

शब्दखोर, नौपाडा

शेवटापासून सुरू करतो. घोडा सापडला की बाकीचं सोपं जातं.

इंग्रजीत 'स्टेबल' दोन आहेत. एक विशेषण, लॅटिन 'स्टाबिलिस'वरून आलेलं. दुसरं नाम, घोडे बांधायची जागा, लॅटिन 'स्टाबुलुम'वरून. दोन्ही फ्रेंचच्या वाटेने इंग्रजीत शिरली आणि दोन्हींच्या मुळाशी एकच क्रियापद आहे: 'स्तारे', उभं राहणं. संस्कृतातला 'स्था' याच कुळातला. स्थिर, स्थान, स्थायी, स्थावर ही सगळी त्याची लेकरं. म्हणजे 'स्टेबल'च्या जागी 'स्थिर' लिहिणारा एका चुलतभावाच्या पाटावर दुसऱ्याला बसवत असतो. नातं खरं आहे, पण दोघांचे स्वभाव वेगळे आहेत.

आपल्याकडे तर याहून मजा आहे. घोडा बांधायच्या जागेला मराठीत 'ठाण' म्हणतात, तेही 'स्थान'वरूनच. आणि 'ठाण मांडून बसणे' म्हणजे जागचं न हलणे. इंग्रजीने दोन शब्दांत वाटून दिलेले अर्थ मराठीने एका 'ठाण'वर भागवले. ठाणे हे गावाचं नाव त्याच घरातलं. शिलाहारांच्या काळात ते श्रीस्थानक होतं. पोलीस ठाण्यातला 'कॉन्स्टेबल'सुद्धा मूळचा 'कोमेस स्टाबुली', म्हणजे पागेचा अधिकारी. ठाणे आणि त्यातला शिपाई, दोघांची आडनावं एकच निघाली. हिंदीतला 'अस्तबल' अरबीतून आलेला, आणि अरबीकडे तो पोचला 'स्टाबुलुम'वरूनच. 'तबेला' मात्र या घरातला नाही. तो फारसीतून वेगळ्या वाटेने आला.

तर 'फ्रॉम द सेम स्टेबल' म्हणजे रेसच्या घोड्यांसारखं, एकाच पागेत तयार झालेलं. माणसांबद्दल असेल तर मराठीत घोडा नकोच, 'त्याच तालमीतला' म्हणा. मालाची जाहिरात असेल तर सरळ 'त्याच कंपनीचं'. 'त्याच तबेल्यातून' असं लिहिलंत तर लोक दूध मागायला येतील.

आता विशेषण. 'स्थिर'ची अडचण अशी की त्याच्या पोटात बरेच इंग्रजी शब्द मावतात. महावितरणच्या बिलावर 'स्थिर आकार' असतो, तिथे तो 'फिक्स्ड' असतो. 'स्थिर विद्युत'मध्ये तो 'स्टॅटिक', 'स्थिरांक'मध्ये 'कॉन्स्टंट', 'स्थिर नजरेने'मध्ये 'स्टेडी', आणि 'प्रकृती स्थिर'मध्ये 'स्टेबल'. वाचणाऱ्याच्या मनात मात्र सगळ्यात आधी येतं ते 'न हलणारं'. 'स्टेबल'चा गाभा तो नाही.

कसोटी एकच: धक्का द्या आणि बघा. वाटीच्या तळाशी गोटी ठेवून टिचकी मारा. ती हेलकावे खाते आणि परत तळाशी येते. ही स्टेबल. आता वाटी पालथी घाला आणि गोटी माथ्यावर अलगद ठेवा. जमलं तर तीही अजिबात हलणार नाही, पण फुंकर लागली की गेली. दिसायला दोन्ही गोट्या सारख्याच 'स्थिर', पण दुसरी अनस्टेबल आहे. सपाट फरशीवरची गोटी तिसऱ्या जातीची, ढकलाल तिथे जाऊन थांबते. उलट बाजूने बघायचं तर चालती सायकल. हलतेय, पण तोल धरून आहे. थांबवली आणि पाय टेकला नाही तर आडवी. म्हणजे 'स्टेबल' वस्तू हलत असू शकते आणि न हलणारी वस्तू 'अनस्टेबल' असू शकते.

भाषांतराआधी म्हणून दोन गोष्टी विचारायच्या. इथे धक्का कसला? आणि धक्क्यानंतर परत कुठे यायचंय? उत्तर मिळालं की शब्द आपोआप सुचतो. कधी 'सावरलेलं', कधी 'टिकून असलेलं', कधी 'पक्कं', कधी 'बदल न होणारं'. उलट अर्थाला 'डळमळीत' हा आपला फार चांगला शब्द आहे. 'अस्थिर'च्या आधी तो आठवावा.

'स्थैर्यता' चूक. 'स्थिर'चं 'स्थैर्य' झालं तिथेच भाववाचक नाम तयार झालं. वर पुन्हा 'ता' लावणं म्हणजे टोपीवर टोपी. 'धैर्यता' कुणी लिहीत नाही. 'स्थिरता' आणि 'स्थैर्य' दोन्ही बरोबर. यंत्र, इमारत, रसायन अशा तपासता येणाऱ्या गोष्टीला 'स्थिरता' आणि मन, संसार, सरकार यांना 'स्थैर्य' असा कल दिसतो, नियम नाही. इंग्रजीचीही इथे एक खोड आहे: विशेषण 'अनस्टेबल', पण नाम 'इन्स्टॅबिलिटी'. उपसर्ग बदलतो. मराठी लिहिताना 'अनस्टॅबिलिटी' करून ठेवू नका.

---

सळई_सिमेंट, नेरुळ

नोटिशीपुरतं सांगतो.

इंजिनिअरच्या तोंडी तीन शब्द वेगवेगळे असतात: स्ट्रेंग्थ, स्टिफनेस, स्टॅबिलिटी. सोसायटीच्या सभेत तिन्हींचं 'मजबुती' होतं. फरक बघायचा तर एक फूट लांबीची स्टीलची पट्टी टेबलावर उभी धरा आणि वरून तळव्याने सरळ खाली दाबा. ती तुटत नाही, चिरडत नाही. दाब एका मर्यादेपलीकडे गेला की एकदम कुशीला फुगते. हात काढला की पुन्हा सरळ. स्टीलची ताकद कुठेच संपलेली नव्हती, संपली ती उभं राहण्याची ऐपत. याला बकलिंग म्हणतात. तीच पट्टी निम्म्या लांबीची असती तर चौपट दाब घेऊन मग वाकली असती. सडपातळ, उंच आणि मध्ये कुठे बीमने न धरलेल्या कॉलमची भीती असते ती यामुळे. म्हणून 'मजबुती प्रमाणपत्र' नको.

पण गंमत अशी की सर्टिफिकेटवरचा 'स्टॅबिलिटी' हा शब्द इतका काटेकोर नसतो. त्या कागदाचा व्यवहारातला अर्थ: ही इमारत आजच्या अवस्थेत, आजच्या वापरासाठी, येणारा भार सुरक्षितपणे पेलते, असा नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला. नोटिशीत 'संरचनात्मक स्थिरता प्रमाणपत्र' हेच ठेवा, कारण प्रभाग कार्यालयातला कारकून त्याच नावाने कागद शोधतो. पहिल्यांदा येतो तिथे मात्र वरचा अर्थ एका ओळीत द्या.

'ऑडिट' आणि 'सर्टिफिकेट' एकच समजू नका, नोटिशींत ही गल्लत सर्रास दिसते. ऑडिट म्हणजे तपासणी. सर्टिफिकेट हा तिचा एक संभाव्य निकाल. ऑडिट होऊनही 'आधी दुरुस्ती, मग प्रमाणपत्र' असं उत्तर येऊ शकतं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे ३० वर्षांहून जास्त काळ वापरात असलेल्या इमारतींची तपासणी करून घ्यावी लागते. ३० वर्षं मोजायची ती भोगवटा प्रमाणपत्राच्या तारखेपासून किंवा निम्म्या बांधकाम क्षेत्राचा प्रत्यक्ष वापर सुरू झाल्यापासून, जे आधी असेल तिथून. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत वेगळं चक्र आहे: १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट ५ वर्षांतून एकदा, त्यापुढे ३ वर्षांतून एकदा. नोटिशीत यांपैकी कोणतं लागू केलंय ते मूळ इंग्रजीत नीट बघा.

निकालाची वर्गवारी हा भाषांतरातला खरा खड्डा. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, राहण्यास अयोग्य, तातडीने रिकामी करून पाडायची. सी-२ अ म्हणजे रिकामी करून संरचनात्मक दुरुस्ती. सी-२ ब म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. 'अ' आणि 'ब'मध्ये एका 'न'चा फरक आहे आणि त्या 'न'वर सगळ्या कुटुंबांनी भाड्याच्या घरात जायचं की नाही हे ठरतं. मसुदा दोनदा वाचा.

सोबत तपासणी अहवाल भाषांतराला आला तर: अल्ट्रासोनिक चाचणीत ध्वनिलहर काँक्रीटमधून वेगात गेली तर काँक्रीट चांगलं धरतात, फार संथ गेली तर शंकास्पद. हाफ-सेल चाचणीत आकडा उणे ३५० मिलिव्होल्टच्याही पलीकडे ऋण असेल तर सळई गंजत असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर धरतात. इथे उणे चिन्ह गळालं तर अहवालाला अर्थच उरत नाही. रिबाउंड हॅमरचे (काँक्रीटवर आपटून किती उसळते त्यावरून ताकद जोखणाऱ्या हातोडीचे) आकडे प्लास्टर काढून घेतलेले असावे लागतात. शिवाय जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग कार्बोनेशनने, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरून, कडक झालेला असतो, त्यामुळे हातोडी आतल्यापेक्षा जास्त ताकद दाखवते. म्हणून एकट्या हॅमरवर दिलेला दाखला कच्चा. खाडीकडच्या इमारतींत मीठ काँक्रीटमध्ये मुरतं, सळईला गंज चढतो, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि वरचं काँक्रीट फुगून सुटतं. लोक त्याला 'प्लास्टर पडलं' म्हणतात. ते प्लास्टर नसतं, कव्हर असतं, म्हणजे सळईला झाकणारं काँक्रीट.

दाखल्यातल्या 'सब्जेक्ट टू'नंतरच्या अटी सगळ्यात आधी भाषांतरित करा. गच्चीवर नवी टाकी नको, भिंत काढायची नाही, गळती अमुक महिन्यांत बंद करायची, अशा त्या असतात. १,००० लिटरच्या टाकीत नुसतं पाणीच १ टन भरतं. अटी मोडल्या तर दाखला उरत नाही, आणि सभासद तर फक्त वरची ठळक ओळ वाचतात.

---

रात्रपाळी, कळवा

'प्रकृती चिंताजनक पण स्थिर' हे बातम्यांनी रुळवलंय, आणि घोटाळा तिथेच आहे. नातेवाइकांच्या कानावर 'स्थिर' पडलं की त्यांना 'धोका टळला' ऐकू येतं.

आयसीयूत 'स्टेबल' म्हणजे एवढंच, की मागच्या काही तासांत नाडी, बीपी, श्वास, ऑक्सिजन, ताप आणि शुद्ध यांच्या नोंदी फारशा हललेल्या नाहीत. त्या कशाच्या आधारावर हललेल्या नाहीत हे त्या शब्दात येत नाही. व्हेंटिलेटर चालू आहे, बीपी धरून ठेवणारं औषध पंपावर तासाला मोजून जातंय, आणि त्यावर बीपी १०० वर ६० टिकून आहे, तरी राउंडला 'स्टेबल ऑन सपोर्ट' म्हणतात. पंप थांबवला तर चित्र काही मिनिटांत पालटेल. शब्दखोरांच्या हिशेबात ही माथ्यावरची गोटी झाली, फक्त आपण ती बोटांनी धरून ठेवलीय. अमेरिकन हॉस्पिटल असोसिएशनने रुग्णाची अवस्था कळवण्यासाठी जे शब्द सुचवले त्यांत 'स्टेबल' एकटाही नको आणि 'क्रिटिकल'ला जोडूनही नको असं म्हटलंय, कारण क्रिटिकल रुग्ण व्याख्येनेच डळमळीत असतो.

माहितीपत्रकात असं लिहा: 'प्रकृती गंभीर आहे. गेल्या काही तासांत ती आणखी बिघडलेली नाही.' 'स्थिर' गाळलंत तरी काही हरवत नाही. त्याखाली नातेवाइकांनी विचारायचे प्रश्न दिलेत तर जास्त उपयोग: किती तासांपासून असं आहे? कोणत्या आधारावर आहे? तो आधार कालच्यापेक्षा कमी झाला की वाढला? तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात खरी बातमी असते.

'स्टॅबिलाइज्ड' वेगळं. अपघाताचा रुग्ण दुसरीकडे पाठवताना 'स्टॅबिलाइज करून पाठवला' म्हणतात. म्हणजे श्वासाचा मार्ग मोकळा केला, रक्त थांबवलं, शिरेत सुई लावून सलाइन सुरू केलं, मोडलेला भाग आधार देऊन बांधला. प्रवास झेपेल इतपत सावरलं, बरं केलं नाही. इथे 'सावरणे' चपखल बसतं.

दोन धोक्याच्या जागा. 'स्टेबल अंजायना'चं 'स्थिर हृदयशूल' करू नका. त्याचा अर्थ ठरावीक श्रमांनी येणारं आणि थांबल्यावर ओसरणारं छातीतलं दुखणं. स्टेशनचा पूल चढताना दर वेळी साधारण त्याच पायरीशी छाती भरून येते, उभं राहिलं किंवा जिभेखाली गोळी ठेवली की काही मिनिटांत जाते. 'स्टेबल' आहे तो त्याचा नमुना. काळजी नको असा अर्थ अजिबात नाही. तेच दुखणं बसल्या जागी यायला लागलं, कमी श्रमात यायला लागलं, २० मिनिटं झाली तरी जाईना, की ते अनस्टेबल. तिथे तातडीने हॉस्पिटल, उद्याची ओपीडी नाही.

दुसरी जागा कॅन्सरच्या रिपोर्टमधलं 'स्टेबल डिसीज'. त्यामागे मोजमाप आहे. ठरवून निवडलेल्या गाठींच्या व्यासांची बेरीज उपचाराआधीच्या तुलनेत ३० टक्के कमी झालेली नाही, आणि आजवरच्या सर्वांत लहान बेरजेपेक्षा २० टक्के व निदान ५ मिलिमीटर वाढलेलीही नाही. शिवाय नवी गाठ नाही. म्हणजे गाठी १५ टक्के आटल्या तरी शिक्का 'स्टेबल'च. 'आजार स्थिरावला' म्हटलं की आशा जास्त वाटते, 'आजार तसाच' म्हटलं की निराशा जास्त. 'आजार लक्षणीय वाढला नाही आणि लक्षणीय घटलाही नाही' हे लांब आहे, पण खरं आहे.

---

कोपरीकर

'व्हायटल्स स्टेबल'ला 'नाडी, बीपी ठीक' चालेल का? पत्रकात जागा कमी आहे.

---

रात्रपाळी, कळवा

'ठीक' नको. ताप १०२ वर सलग टिकला तर तो हललेला नाही, पण ठीकही नाही. 'नाडी, बीपी टिकून' लिहा. अक्षरं जवळपास तेवढीच लागतात.

---

दुसरा_मेट, उरण

'स्टेडी' आणि 'स्टेबल'चा फरक बोटीवर लख्ख दिसतो.

सुकाणूवरच्या माणसाला 'स्टेडी' असा हुकूम दिला तर त्याचा अर्थ: बोटीचं वळणं शक्य तितक्या लवकर थांबव. 'स्टेडी ॲज शी गोज' म्हणजे हुकूम सुटला त्या क्षणी होकायंत्रावर जी दिशा होती तीच धरून चाल. दोन्ही हुकूम दिशेबद्दल आहेत. बोटीच्या स्टॅबिलिटीशी त्यांचा संबंध नाही.

स्टॅबिलिटी म्हणजे बोट एका बाजूला कलली की परत उभी राहायची ओढ. ती 'जीएम' नावाच्या अंतराने मोजतात: बोटीचा गुरुत्वमध्य आणि त्याच्या वरचा 'मेटासेंटर' नावाचा बिंदू यांमधलं अंतर. गुरुत्वमध्य जितका वर जाईल तितकं हे अंतर घटतं. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे मालवाहू बोटीला ते सुरुवातीला निदान ०.१५ मीटर लागतं, शिवाय वेगवेगळ्या कलांना सावरण्याची ताकद किती हव्या त्या अटी आहेतच. न्हावा-शेव्याला कंटेनर चढताना जड पेट्या खालच्या थरात आणि रिकाम्या वर, हा आग्रह त्यासाठीच. पेटीचं जाहीर केलेलं वजन खोटं असेल तर कागदावरचा जीएमही खोटा.

बिघडतं कुठे? अर्ध्या भरलेल्या टाकीत. टाकी काठोकाठ किंवा पूर्ण रिकामी असेल तर त्रास नाही. अर्धी असली तर बोट कलली की पाणी त्याच बाजूला धावतं आणि सावरण्याच्या ओढीविरुद्ध बसतं. परिणाम असा की जणू गुरुत्वमध्य वर चढला. टाकीची रुंदी इथे सगळ्यात वाईट, कारण हा परिणाम रुंदीच्या घनाने वाढतो. मध्ये उभा पडदा घालून टाकीचे दोन सारखे भाग केले की तो चौथाईवर येतो.

आणखी एक. जास्त स्टेबल म्हणजे जास्त सुखाची असं नाही. जीएम खूप मोठा असेल तर बोट झटक्याने सरळ होते, माणसं भेलकांडतात, कंटेनरचे आवळे तुटतात. अशा बोटीला 'स्टिफ' म्हणतात. कमी जीएमची बोट संथ डुलते, झोप चांगली लागते, आणि काळजी तिचीच जास्त. डुलणं कमी दिसतं म्हणून तिला 'स्थिर' म्हणणारा नेमका उलट निष्कर्ष काढतो. भाषांतरात 'स्थिर बोट' लिहिलंत तर ती नांगरलेली वाटेल. 'कलली तरी सावरणारी' लिहा.

बाकी 'स्टेडी'ला मराठीत एकच शब्द शोधू नका. 'स्टेडी रेन' म्हणजे संततधार. 'स्टेडी इन्कम' म्हणजे बांधलेलं उत्पन्न. 'स्टेडी हँड' म्हणजे न थरथरणारा हात. 'स्टेडी स्पीड' म्हणजे एकसारखा वेग. सगळीकडे मुद्दा एका लयीत चालू राहण्याचा आहे. धक्का बसल्यावर काय होईल हे 'स्टेडी' सांगत नाही.

---

रिलीज_शुक्रवार, महापे

ॲपच्या सूचनेत दोन अर्थ एकमेकांत घुसलेत.

सामान्य ॲपमध्ये 'स्टेबल व्हर्जन' म्हणजे अल्फा, बीटा, रिलीज कँडिडेट या पायऱ्या ओलांडून सगळ्यांसाठी खुलं केलेलं व्हर्जन. 'चाचण्या पूर्ण झालेली आवृत्ती' म्हणा. 'स्थिर आवृत्ती' वाचून कुणाला काही कळत नाही. 'क्रॅश न होणारी' असंही लिहू नका, ते वचन कुणी देत नाही.

डेबियनसारख्या लिनक्समध्ये अर्थ वेगळा. तिथे स्टेबल, टेस्टिंग, अनस्टेबल अशा शाखा आहेत. 'स्टेबल' म्हणजे प्रकाशनानंतर त्यातल्या सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या बदलायच्या नाहीत, फक्त सुरक्षेचे आणि गंभीर चुकांचे उपाय घालायचे. 'अनस्टेबल' सतत बदलत असते म्हणून तिला ते नाव. ती रोज कोलमडते म्हणून नाही. इथे 'न बदलणारी' हाच अर्थ, म्हणजे शब्दखोरांच्या नियमाला हा अपवाद.

'स्टेबल सॉर्ट' (सॉर्ट म्हणजे यादी क्रमाने लावायची पद्धत) कधी समोर आला तर तो तिसराच. सोसायटीच्या सभासदांची यादी आधी फ्लॅट नंबरने लावली, मग विंगप्रमाणे लावली. सॉर्ट स्टेबल असेल तर 'ए' विंगमधले १०१, १०२, २०१ आपापल्या क्रमातच राहतात. नसेल तर विंग बरोबर लागते, पण आत फ्लॅट कसेही विखुरतात. मर्ज सॉर्ट स्टेबल आहे, नेहमीचा क्विक सॉर्ट नाही, पायथनचा स्वतःचा सॉर्ट स्टेबल आहे. मराठीत 'आधीचा क्रम राखणारं सॉर्टिंग'.

---

पासबुक, वाशी

'आउटलुक: स्टेबल' हा पतमानांकनाचा, म्हणजे कर्ज फेडण्याच्या ऐपतीला दिलेल्या श्रेणीचा, शेरा आहे, कंपनीच्या तब्येतीचा नाही. अर्थ एवढाच, की पुढच्या काळात मानांकन वर किंवा खाली जाईल असं सध्या दिसत नाही. मानांकन हलकं असलं तरी आउटलुक 'स्टेबल' असू शकतो. 'कंपनीची स्थिती स्थिर' लिहिलंत तर गुंतवणूकदाराची दिशाभूल होईल. 'मानांकनात बदल अपेक्षित नाही' लिहा.

'प्राइस स्टॅबिलिटी'ही तशीच फसवी. रिझर्व्ह बँकेचं महागाईचं लक्ष्य ४ टक्के आहे, दोन्हीकडे २ टक्क्यांची मुभा. म्हणजे भाव वाढणारच आहेत, वाढीचा वेग काबूत हवा. 'भाव स्थिर' वाचून गिऱ्हाईक भाजीवाल्याशी भांडेल.

---

कोपरीकर

मसुदे असे झालेत:

१. 'संरचनात्मक स्थिरता प्रमाणपत्र, म्हणजे इमारत सध्याच्या अवस्थेत व सध्याच्या वापरासाठी सुरक्षित असल्याचा नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला, सादर करणे बंधनकारक आहे.'
२. 'प्रकृती गंभीर आहे. गेल्या काही तासांत ती आणखी बिघडलेली नाही.'
३. 'चाचण्या पूर्ण झालेली नवी आवृत्ती घ्या.'
४. 'मानांकनात बदल अपेक्षित नाही.'
५. 'त्याच कंपनीचं आणखी एक उत्पादन.'

---

शब्दखोर, नौपाडा

तिसऱ्यात 'नवी' नको, 'सर्वांत अलीकडची' हवं. बीटा त्याहून नवी असते.

---

सळई_सिमेंट, नेरुळ

पहिल्यात 'तपासणीच्या तारखेस' घाला. 'सध्याच्या' हा शब्द दोन वर्षांनी वाचणाऱ्याला त्याच्या 'सध्या'चा वाटतो. दाखल्याची मुदत लिहिलेली असेल तर तीही त्याच ओळीत.

---

रात्रपाळी, कळवा

दुसऱ्यात 'गेल्या काही तासांत'च्या जागी 'गेल्या ____ तासांत' अशी रिकामी जागा ठेवा, आणि शेजारी वेळ व सहीसाठी चौकट. सकाळी ८ ला भरलेलं पत्रक संध्याकाळी भेटीच्या वेळेत हातात पडतं.